सरावली स्पोर्टिंगच्या चौदा मॅच

सरावली, ९ जानेवारी २०२५

मंजुळा आत्या,

पत्राला मासळीचा वास आला तर नाक मुरडू नकोस, ते नर्मदाकाकीच्या पाटीतून येतंय. ती मंगळवारी आणि शुक्रवारी बोईसरच्या बाजारात बसते, तेव्हा आपलं टपाल आता तीच. तुझे कान गेल्यापासून फोनवर मी घसा फोडते आणि तू "कोन? कोन?" करून ठेवून देतेस. मोबाइलवरची मुंगीएवढी अक्षरं तुला वाचायची नाहीत. मग हे असं.

बातमी एका ओळीची आहे. पाच मॅच खेळलो, पाचही हरलो.

आता तू विचारशील, मग खेळता कशाला. सांगते. राष्ट्रीय महिला लीगमध्ये आठ क्लब आहेत. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा त्यांच्याकडे आणि एकदा आपल्याकडे, म्हणजे चौदा मॅच. बाकीचे सात क्लब मोठ्या शहरांचे. आमचं सरावली स्पोर्टिंग बोईसरच्या कारखान्यांच्या मागचं, वारा फिरला की मैदानावर डोळे चुरचुरतात असं. गेल्या वर्षी खालच्या लीगमध्ये पहिले आलो म्हणून वर चढलो. शेवटचा नंबर लागला की पुन्हा खाली. परवा एका पेपरात लिहून आलं, सरावलीच्या मुली पाहुण्या आल्यात, चहा पिऊन जातील. वाचून आमच्या प्रशिक्षक रूपल मॅडम एवढंच म्हणाल्या, "आपण जेवूनच जाऊ."

पण दुसरी गोष्ट मला कळत नाही. बाबा माझा फोन घेत नाही. हरतो म्हणून गावात तोंड दाखवायची लाज वाटते का त्याला? मग सांग, गोलकीपर मी एकटी आहे, पुढच्या दहाजणींनी पण काही करायचं असतं. आणि तो कितीदा रिकामी होडी घेऊन घरी आलाय. मी बोलणं टाकलं होतं का कधी?

मेघाली


दातिवरे, संक्रांत

मेघाली,

तिळगूळ पाठवलाय. नर्मदेनं वाटेत संपवला नाही तर मिळेल. आज गोड बोलायचा दिवस आहे, पण माझ्याकडून आशा ठेवू नकोस.

तुझा बाप हरण्याला लाजत नाही. त्या दिवशी आपल्या होडीवरच्या दामूनं मोबाइलवर तुमची मॅच लावली. अर्धी आळी आपल्या ओटीवर. दादा सगळ्यांच्या पुढे बसला होता, "ती पिवल्या कपड्यातली माझी," असं ज्याला त्याला सांगत. तिसरा गोल झाला. तू मागे वळलीस आणि जाळ्याला लाथ मारलीस. एक नाही, दोन. बूट घालून.

दादा उठला. एवढंच म्हणाला, "आपले घरात जाल्याला पाय लावीत नाय कोन." आणि जाऊन होडीत बसला. जेवायलासुद्धा आला नाही.

तू विसरलीस की काय? अंगणात जाळं पसरलेलं असलं की तू शाळेत जाताना कुंपणाकडून वळसा घ्यायचीस. माझी चप्पल एकदा चुकून लागली होती तर आईनं मला जाळ्याच्या पाया पडायला लावलं होतं, आणि तेव्हा मी चांगली लग्नाची झाले होते. आपण ज्याच्यावर जेवलो त्याला तू लाथ मारलीस, तीही सगळ्या गावासमोर. हरलीस ते मी कधीच विसरले. हे विसरता येत नाही.

दोन ओळींची माफी लिही. मी वाचून दाखवीन त्याला.

आणि बायका विचारतात, ती तुमच्यातली उंच पोरगी गोल झाला की हात वर करून का उभी राहते? शाळेत असल्यासारखी?

मंजुळा आत्या


सरावली, १७ जानेवारी

आत्या,

तिळगूळ मिळाला. अर्धा. नर्मदाकाकी म्हणाली उंदरानं खाल्ला.

माफी मागणार नाही. आधी ऐक. तो गोल नव्हताच. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. बाजूच्या जाळ्याला एवढं मोठं भोक होतं, त्यातून आत शिरला. रेफ्री लांब होता, त्याला चेंडू आत दिसला आणि त्यानं शिट्टी मारली. मी ओरडून ओरडून सांगत होते. माझ्या दोन्ही हातांत चेंडू होता, म्हणून भोक दाखवायला मी पायानं जाळं उचललं. ती पहिली लाथ. मोबाइलवर भोक दिसलं नसेल, पाय तेवढा दिसला. दुसरी लाथ मात्र रागाची होती. ती मारली आणि ती माझी मी मारली.

आणि ते काय बाबाचं जाळं आहे का? आमच्या मैदानावर कुठल्यातरी कंत्राटदारानं आणून टांगलेलं. त्यात कधी एक बोंबील आला नाही. त्याच्यावर कोणी जेवलं नाही. उलट त्या जाळ्यानं आमच्या तोंडचा घास काढून घेतला. बाबानं एवढं मोठं भोक पडलेलं जाळं घेऊन कधी होडी पाण्यात घातली असती का, ते त्याला विचार.

हात वर करणारी तेजल. आमची कॅप्टन. ती ऑफसाइड मागते. देत कोणी नाही, पण मागते.

मेघाली


दातिवरे, २८ जानेवारी

मेघाली,

माझे कान गेलेत, आवाज गेलेला नाही. मनातल्या मनात वाचायची मला सवय नाही हे तुला ठाऊक आहे. ओटीवर बसून मी तुझं पत्र वाचलं आणि ते आळीनं ऐकलं. दादा आत भात जेवत होता. ताट घेऊन बाहेर आला. तोंडाशी येऊन मोठ्यानं म्हणाला, "भोक व्हतं? केवढं?"

मी हातानं दाखवलं. तू लिहिलं होतंस त्याहून थोडं मोठंच दाखवलं.

"आन् तसाच टांगलान?" म्हणाला. मग कंत्राटदाराच्या आईबापापासून सुरुवात केली. ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं होडी पाण्यात घातली नाही. विणायची सुई, दोऱ्याचे गुंडे आणि दामूला घेऊन टेंपोत बसला. बोईसरला जातो म्हणाला, पोरीला सांगू नको. म्हणून मी सांगत नाही, फक्त लिहिते. लाथेचं काय ते त्यानं काढलं नाही आणि मी विचारलं नाही. पण त्याच्या डोळ्यांसमोर आता लाथ नाही, भोक आहे, एवढं मला कळतं.

मंजुळा आत्या


सरावली, ३ फेब्रुवारी

आत्या,

हसू नकोस. किंवा हस, पण पुढचं वाच.

बाबानं आणि दामूनं दोन दिवस बसून दोन्ही गोलांना नवी जाळी विणून लावली. वॉचमननं त्यांना कंत्राटदाराची माणसं समजून आत सोडलं. मॅचच्या दुपारी लीगचा तपासनीस आला आणि गोलासमोर उभाच राहिला. जाळं तोंडाशी रुंद, मागे निमुळतं होत गेलेलं आणि शेवटी दोरीनं आवळलेली लांब पिशवी. आपली डोल, आत्या! हुबेहूब आपली बोंबील धरायची डोल! सरावात तेजलनं चेंडू मारला तो सरळ शेपटात जाऊन अडकला. काढायला दोघी लागल्या.

तपासनीस म्हणाला हे काढा. बाबा म्हणाला, "सायेब, जालं असंच असतं. आत गेलेला परत भायेर आला तं जालं कशाला?" तपासनीसाला मराठी अर्धं कळत होतं, बाबाला ते कळून घ्यायचं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, जाळं बदललं नाही तर मॅच रद्द आणि गुण समोरच्यांना. तेव्हा बाबानं सुरी काढली आणि स्वतःच्या हातानं दोन्ही शेपटं कापली. त्याचं तोंड बघवत नव्हतं मला. मी चार पावलांवर उभी होते. तो माझ्याकडे न बघता गेला.

मॅच शून्य-शून्य. आमचा पहिला गुण. एक चेंडू बाजूच्या जाळ्यावर जोरात आदळला आणि बाहेरच राहिला. त्याला सांग. म्हणजे मोठ्यानं वाच.

आता दुसरी बातमी. क्लबचे मालक, आमचे चेअरमनसाहेब, मॅचनंतर ड्रेसिंग रूममध्ये आले. म्हणाले, खर्च परवडत नाही, टीम बंद करतोय, उरलेल्या मॅच सोडून द्या, ज्याला जिथं जायचंय तिथं जा. शांतपणे म्हणाले, पंखा बंद करा म्हणावं तसं.

नियम असा आहे: एका मॅचला जरी टीम उतरली नाही तर क्लबचं नाव लीगमधून काढतात आणि आधीचे सगळे निकाल पुसतात. म्हणजे आम्ही हरलोही नाही. आम्ही नव्हतोच. झारखंडची एक मुलगी आहे आमच्यात, ती सगळ्यांत आधी बोलली, "मैं घर जाके क्या बोलूँगी? खेली ही नहीं?" बाविसांपैकी सोळाजणी राहिलो. रूपल मॅडमही राहिल्या. चौदाच्या चौदा खेळायच्या. सरावलीतल्या बायका घरोघरून डबे देतायत. हरवायचं असेल तर मैदानात येऊन हरवा, खोडरबरानं नाही.

मेघाली


दातिवरे, २५ फेब्रुवारी

मेघाली,

तुम्ही दोन मॅच जिंकलात हे दामूनं सांगितलं. आळीत पेढे वाटले. पण तुझ्या पत्रात एक गोष्ट नव्हती, ती मला नर्मदेकडून कळली. तुझ्या रूपल मॅडम तिच्याकडे पापलेट घ्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, मेघालीला गोव्याच्या मोठ्या क्लबनं बोलावलंय, पुढची तीन वर्षं, आत्ताच्या आत्ता या म्हणतायत, आणि ही पोरगी उत्तर देत नाही.

माझ्यापासून लपवतेस? लहान होतीस तेव्हा सुकटाच्या डब्यातली सुकट खाऊन तोंड पुसून यायचीस, तेव्हाही मला कळायचं.

माझं स्पष्ट मत, जा. मालकाला जी टीम नको ती तू डोक्यावर घेऊन का नाचतेस? तुझ्या आईला मी शब्द दिलाय की पोरीचं वाटोळं होऊ देणार नाही. ती वर गेली म्हणून शब्द सुटत नाही. बोटं मोडून घेशील आणि गोवा पण जाईल.

दादाला विचारलं. तो म्हणाला, "तिचं ती बघंल." आणि फाटकं नसलेलं जाळं शिवायला बसला.

मंजुळा आत्या


सरावली, ४ मार्च

आत्या,

हो, लपवलं. तू जा म्हणशील म्हणून लपवलं.

त्यांनी आत्ता बोलावलं होतं, मॅच उरलेल्या असताना. त्यांना कळवलं, लीग संपेपर्यंत मी सरावलीची आहे, त्यानंतर थांबत असाल तर थांबा. ते थांबणार नाहीत. जाऊ दे. आईला शब्द तू दिला होतास, मी नव्हता दिला. आणि वाटोळं कशाला म्हणायचं? आठ महिन्यांपूर्वी मला कोण ओळखत होतं? ह्याच गोलात उभी राहिले म्हणून गोव्याला माझं नाव कळलं. आता मी निघाले तर दुसरी गोलकीपर नाही, आणि सोळाजणींचा सगळा खेळ पुसला जाईल. तसं करून मी गोव्यात जेवू शकणार नाही. मला भूक लागणार नाही.

आता नीट ऐक, किंवा नीट वाच. तेरा मॅच झाल्या. आम्ही खालून पहिले आहोत, पण शेवटची जिंकलो तर वर राहतो. ती तेरा मार्चला, आपल्याकडे. काल चेअरमनसाहेबांनी मैदानाच्या गेटला कुलूप लावलं. जागा त्यांच्या कारखान्याची, कुलूपही त्यांचं. रूपल मॅडमनी धावपळ करून पालघरचं एक मैदान मिळवलं, लीगनं ते मान्यही केलं. अडलंय ते माणसांवर. घरच्या क्लबनं मैदानावर वीस माणसं द्यावी लागतात: चेंडू आणून द्यायला, स्ट्रेचरला, दोरीजवळ उभं राहायला. आजवर कारखान्याचे लोक यायचे. सरावलीत ज्याला त्याला त्याच कारखान्यात कामाला जायचंय, त्यांना बोलावून मी अडचणीत घालणार नाही. वीस माणसं दिसली नाहीत तर रेफ्री शिट्टी मारणार नाही.

तेरा मार्चला होळी आहे, हे मला माहीत आहे. सगळ्या होड्या घरी असतात आणि त्या दुपारी गाव सोडून कोणी जात नाही, हेही माहीत आहे. तरी मागते. हे बाबाला ऐकू जाईल असं वाच.

मेघाली


दातिवरे, ९ मार्च

मेघाली,

देवळाच्या पारावर बैठक झाली. मी पत्र वाचलं. लोक म्हणाले, दुसरा कुठलाही दिवस सांग, होळीला नाही. देवू म्हातारा तर म्हणाला, होळीचं झाड उभं करायचं सोडून फुटबॉलची दोरी धरायला जायचं, आता एवढंच राहिलं होतं. आणि झाडाला पहिला हात आपल्या घराचा असतो, दादाचा. तो नसेल तर झाड उठत नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते. दादानं चपला घातल्या आणि निघून गेला. ना हो म्हणाला, ना नाही.

त्यामुळे कबूल काही करत नाही. पण मी येतेय. मला शिट्टी ऐकू येत नाही, तरी दोरीजवळ उभी राहायला कान कशाला लागतात? नर्मदा येते म्हणाली. शेजारची सलोनी आणि तिची जाऊ पण. चार झाल्या.

गोव्याचं तू मला न विचारता केलंस, त्याचा राग आहे. तो राग घेऊन येते.

मंजुळा आत्या


दातिवरे, २४ मार्च

मेघाली,

मी धर्माजी. हे पत्र मी स्वतः लिहितोय. मंजुळेनं दोन पत्रं पाठवली, तू उत्तर दिलं नाहीस. नर्मदा म्हणते तू खोलीवरून बाहेर पडत नाहीस. तुला मी फोन केला तर आता तू घेत नाहीस. फिटलं म्हण.

तू मैदानाच्या आत होतीस, बाहेरचं तुला दिसलं नसेल. ते सांगतो. होळीच्या सकाळी मी पारावर गेलो आणि म्हणालो, झाडाला माझा हात पाहिजे असेल तर रात्रीपर्यंत थांबा, नको असेल तर दुसऱ्याचा लावा. मी पालघरला चाललो. देवू म्हाताऱ्यानं मला नको नको ते ऐकवलं. पण टेंपो निघाला तेव्हा तीन टेंपो भरले होते. म्हातारा पुढच्या सीटवर होता. वीस पाहिजे होती, साठ झाली. रेफ्रीनं कमी करायला सांगितली, मंजुळेला ते ऐकूच आलं नाही.

तुमचा गोल झाला तेव्हा बायका नाचल्या. त्यांचा झाला तेव्हापण थोड्या नाचल्या, त्यांना नंतर कोणीतरी सांगितलं.

आता ज्याच्यासाठी तू तोंड लपवून बसली आहेस ते. एक-एक होतं. शेवटचा कॉर्नर मिळाला आणि तू गोल उघडा टाकून पुढे धावलीस. सगळं गाव ओरडत होतं, मेघाली मागं जा, मागं जा. मी सगळ्यांत मोठ्यानं. तुला चेंडू लागला नाही, त्यांनी तो लांब मारला आणि मोकळ्या गोलात गेला. हरलो. खालच्या लीगमध्ये गेलो. लोक म्हणतात, जागेवर राहिली असती तर हरली नसती.

मी चार दिवस ह्याच्यावर विचार केला. दामूला विचारलं, बरोबरी झाली असती तर वर राहिले असते का? तो म्हणाला, नाही, जिंकायलाच पाहिजे होतं. मग मागे राहून तू काय राखणार होतीस? काही नाही. तू गेलीस ते बरोबर गेलीस. मी ओरडलो ते चुकीचं ओरडलो. देवू म्हाताऱ्यालापण मी हे पारावर सांगितलंय, आणि यापुढे जो कोणी "जागेवर राहिली असती" म्हणेल त्यानं माझ्या होडीवर पाय ठेवायचा नाही. दोघांना उतरवलं आहे. दामू सध्या एकटा आहे.

आम्ही परत आलो तेव्हा चंद्र पार वर आला होता. गाव शिव्या देत थांबलं होतं. झाड उभं केलं.

दामूनं मोबाइलवर लीगचा तक्ता दाखवला. सगळ्यांत खाली सरावली, आणि नावापुढे लिहिलंय, खेळले चौदा. कोणी पुसलेलं नाही.

आता पुढचं. तुझा चेअरमन म्हणतो क्लब संपला, कारण मैदान त्याचं आहे. पोरी, तुम्ही सोळाजणी आहात, मॅडम आहे, आणि खालच्या लीगला काही टीम लागतात की नाही? अमावास्येच्या उधाणात ओहोटीला आपली वाळू किती लांब उघडी पडते तुला माहीत आहे. पालघरच्या मैदानासारखी चार मैदानं मावतील, सराव तिथं करा. सगळ्यांना घेऊन शनिवारी ये. अमावास्या आहे म्हणून मनात काही आणू नका. झोपायला मच्छीमार सोसायटीची खोली झाडून ठेवली आहे, जेवण मंजुळा बघेल, ती भांडेल पण वाढेल.

आणि त्या चेअरमनला माझा निरोप दे. म्हणावं, कुलूप घेऊन दातिवऱ्याला या आणि समुद्राला लावून दाखवा.

ओहोटी पहाटेची आहे. उशीर करू नका.

बाबा